जाळीतले चौरस मोजायची पक्की पद्धत सांगा (मुलीचं उत्तर ५५, उत्तरसूचीत २६)

पाचवीची आई:
नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीला आहे, स्कॉलरशिपची तयारी चालू आहे. बुद्धिमत्तेच्या एका सराव पुस्तकात पाच बाय पाचची साधी जाळी दिलीय, आडवी पाच घरं उभी पाच घरं, आत जास्तीची एकही रेघ नाही, आणि प्रश्न आहे "आकृतीत एकूण चौरस किती?" पर्याय २५, २६, ५० आणि ५५. मागे उत्तरसूचीत २६ दिलंय, म्हणजे २५ लहान आणि बाहेरचा एक मोठा. मधले दोन बाय दोनचे, तीन बाय तीनचे धरलेलेच नाहीत. मुलीने पहिल्यांदा मोजले तर ४७ आले, मग ५१, मग ५५, आणि मी रात्री भांडी आवरून बसले तर माझे ५३ आले. क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले उत्तरसूचीत आहे ते लिही. ती रडकुंडीला आली की आई मी बरोबर मोजलं होतं ना गं. मला वाटतं ५५ बरोबर आहे पण माझाच आकडा दर वेळी वेगळा येतो तर तिला खात्रीने सांगू कसं? एकही सुटणार नाही आणि एकही दोनदा मोजला जाणार नाही अशी पद्धत हवी आहे. सूत्र नको, तिला समजेल असं सांगा.

खडूफळा:
ताई, ५५ बरोबर आहे, लेकीला आजच सांगा. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हा गोंधळ कुठे होतो ते सांगू शकतो. मुलं चौरस "शोधतात". नजर इकडे गेली की इथला एक, तिकडे गेली की तिथला एक. असं शोधत गेलं की आधी कुठला धरला ते आठवत नाही, मग काही सुटतात काही डबल होतात.

एक पुठ्ठा घ्या, लग्नपत्रिकेचा जाड कागद चालेल. वहीतल्या जाळीचं घर समजा दोन सेंटिमीटरचं आहे तर चार सेंटिमीटरची चौकट कापा, आतून पोकळ. ती जाळीवर अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. आता एकेक घर उजवीकडे सरकवा. पाच घरांच्या रांगेत दोन घरांची चौकट चारच जागी बसते, पाचव्या वेळी बाहेर जाते. मग एक घर खाली घ्या आणि परत डावीकडून सुरू करा, पुन्हा चार. वरून खालीही ती चारच जागी बसते. म्हणजे ४ × ४ = १६. तीन घरांची चौकट तीन जागी, ३ × ३ = ९. चारची दोन जागी, ४. पाचची एकदाच. आणि लहान २५ आहेतच. २५ + १६ + ९ + ४ + १ = ५५.

मुलीच्या हातानेच सरकवायला द्या, तुम्ही करून दाखवू नका. चौकट पाचव्या वेळी बाहेर जाते ते बोटांना कळलं पाहिजे.

रेघोट्या:
सरांनी मस्त सांगितलं. फक्त परीक्षेत पुठ्ठा नेता येणार नाही म्हणून सूत्रही पाठ असू द्या ताई. रांगांची संख्या, गुणिले त्याच्या पुढची संख्या, गुणिले दुप्पट अधिक एक, सगळ्याला भागिले सहा. ५ × ६ × ११ = ३३०, भागिले ६ = ५५. बुद्धिबळाचा पट असेल तर ८ × ९ × १७ = १२२४, भागिले ६ = २०४. पाच सेकंदात उत्तर येतं. स्पर्धा परीक्षेत वेळ महत्त्वाचा, मी स्वतः पोलिस भरतीच्या वेळी हेच सूत्र वापरून दोन प्रश्न सोडवले होते.

मावळतीचा वारा:
रेघोट्या, सूत्र चांगलंच आहे पण त्याच्यावर मुलांना सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण प्रश्न काढणारे आता साधी जाळी देतच नाहीत. व्हॉट्सअॅपवर ते चित्र फिरायचं आठवतंय का, "यात किती चौरस?" म्हणून, चार बाय चारची जाळी आणि तिच्यावर अजून दोन छोटे चौरस काढलेले, एक वरच्या बाजूला एक खालच्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस वाद चालला. सूत्र लावणाऱ्यांचे ३० आले आणि ते ठाम होते. पण ते जास्तीचे दोन चौरस घरांवर बरोबर बसलेले नाहीत, जिथे चार घरांचे कोपरे एकत्र येतात त्या बिंदूवर मध्यभागी बसवलेत. त्यामुळे जाळीच्याच रेघा त्यांना आतून कापतात आणि प्रत्येकाचे चार तुकडे होतात, तेही चौरसच. म्हणजे प्रत्येकी एक आणि चार, पाच. दोघांचे मिळून दहा. ३० + १० = ४०. सूत्राला हे दहा कधीच दिसणार नाहीत.

आणि जाळी चौरस नसेल तर? तीन रांगा पाच स्तंभ घ्या. लहान १५, दोनचे २ × ४ = ८, तीनचे १ × ३ = ३, एकूण २६. सरांची चौकट इथे चालते, पाठ केलेलं सूत्र चालत नाही.

रेघोट्या:
मान्य. ४० वाल्या चित्रात मी पण ३० म्हणालो होतो. ते कापणारे तुकडे लक्षातच आले नव्हते.

पाचवीची आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी पुठ्ठ्याच्या चौकटी कापल्या, दोनची तीनची चारची. तिने सरकवून मोजलं आणि पहिल्याच वेळी ५५ आले. पण त्याच्यापुढे तिने जे केलं ते सांगायलाच आलेय.

चौकट सरकवताना ती म्हणाली की आई प्रत्येक चौरसाचं वरचं डावं घर एकच असतं ना, मग मी त्या घरातच आकडा लिहिते. म्हणजे एका घरापासून सुरू होणारे, उजवीकडे खाली वाढत जाणारे चौरस किती, तो आकडा त्याच घरात. पहिल्या घरातून एकचा, दोनचा, तीनचा, चारचा, पाचचा असे पाचही निघतात म्हणून तिथे ५. त्याच्या शेजारच्या घरातून उजवीकडे चारच घरं उरतात म्हणून ४. असं करत पहिली रांग ५ ४ ३ २ १. दुसऱ्या रांगेत खाली चारच रांगा उरल्या म्हणून ४ ४ ३ २ १. मग ३ ३ ३ २ १, मग २ २ २ २ १, शेवटी सगळे १. वहीचं पान भरल्यावर ते आकडे जिन्यासारखे उतरत गेलेले दिसतात, उजवी कड आणि खालची कड एकेच्या पट्टीने बंद झालेली, आत दोनची पट्टी, मग तीनची. तिने पट्ट्या रंगवल्या स्केचपेनने आणि बेरीज केली, एकेचे नऊ, दोनचे सात, तीनचे पाच, चारचे तीन, पाचचा एक. ९ + १४ + १५ + १२ + ५ = ५५.

मी हे कधी कुठे वाचलेलं नाही, ही पद्धत बरोबर आहे ना सर?

खडूफळा:
ताई, अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या लेकीने मोजणीचं मर्म हातात घेतलंय. प्रत्येक चौरसाला तिने एकच पत्ता दिला, वरचं डावं घर. पत्ता एकच असल्यामुळे डबल होत नाही, आणि प्रत्येक चौरसाला असं एक घर असतंच म्हणून सुटतही नाही. पुठ्ठ्याने आकारावर वर्गवारी होते, हिच्या पद्धतीने जागेवर. दोन्हीकडून ५५ आले म्हणजे उत्तर पक्कं, तिसऱ्या माणसाला विचारायची गरज नाही.

आणि मावळतीचा वारा यांनी सांगितलं तसं बिघडवलेल्या जाळीतही ही घरात आकडा लिहायची रीत कामी येते. तिला हे द्या: चोवीस काड्यापेटीच्या काड्या घेऊन तीन बाय तीनची जाळी मांडा. चौरस ९ + ४ + १ = १४. आता मधल्या रांगेतलं पहिलं घर आणि मधलं घर यांच्यामधली एक काडी उचला. किती उरले?

पाचवीची आई:
सर तिने लगेच मांडलं. काडी एकच उचलली म्हणून तिला वाटलं एक कमी होईल, १३. मग घरात आकडे लिहायला बसली आणि १० आले. परत परत बघितलं. ती काडी दोन लहान घरांची मिळून होती म्हणून ती दोन गेली, आणि उजवीकडच्या दोन-दोनच्या चौरसांची, वरचा आणि खालचा, डावी बाजू पण तीच काडी होती, तेही दोन गेले. १४ − ४ = १०. तिने ती काडी परत ठेवली, परत उचलली, चार-पाच वेळा. तिचे बाबा ऑफिसातून आले तर दारातच त्यांना पकडून विचारलं.

दर्याकिनारी:
मी कारवारहून. मला आयतांबद्दल विचारायचंय. आमच्या मुलाच्या पुस्तकात "आयत किती" असाही प्रश्न आहे, आणि त्यात चौरस धरायचे की नाही यावर घरात एकमत नाही. पाच बाय पाचला किती होतील?

मावळतीचा वारा:
चौरस हा आयतच आहे. आयत म्हणजे ज्याचे चारही कोन काटकोन असा चौकोन, चौरस त्यात बसतो. त्यामुळे "आयत किती" असं नुसतं विचारलं असेल तर चौरस धरूनच मोजायचे. "चौरस सोडून" असं प्रश्नात लिहिलं असेल तरच वजा करायचे.

मोजायची रीत चौरसांपेक्षा सोपी आहे खरं तर. घरांकडे बघूच नका, रेघांकडे बघा. पाच घरांना उभ्या रेघा सहा. आयत म्हणजे दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या रेघा निवडणं, बस. सहातल्या दोन रेघा १५ प्रकारे निवडता येतात, आडव्याही १५. १५ × १५ = २२५. त्यातले चौरस ५५ काढले तर नुसते लांबुळके १७०. बुद्धिबळाच्या पटाला नऊ रेघा, ३६ जोड्या, ३६ × ३६ = १२९६.

छोटीच्या रीतीने पण करून बघा. इथे घरात लिहायचा आकडा म्हणजे उजवीकडची घरं गुणिले खालची घरं (ते घर धरून). पहिल्या घरात २५, शेजारी २०, १५, १०, ५. अशा सगळ्या पंचवीस घरांची बेरीज २२५ येते.

तुळशीवृंदावन:
मी गणितातली नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझं वय बहात्तर. आमच्याकडे अजून रोज दारात ठिपक्यांची रांगोळी असते. आज सकाळी पाच बाय पाच ठिपके टाकले, तुमच्या हिशेबाने ती चार घरांची जाळी म्हणजे चौरस ३०. पण रांगोळीत आम्ही सरळ रेघा फार कमी काढतो हो. वरच्या ओळीतल्या मधल्या ठिपक्यापासून उजव्या बाजूच्या मधल्या ठिपक्यापर्यंत, तिथून खालच्या मधल्या, मग डाव्या, असा तिरका चौरसच आधी निघतो, त्याच्या आत कमळ काढतो. मग मला वाटलं हे तिरके कुणी मोजलेच नाहीत. ठिपके पुसून पुसून मोजायला बसले तर नाद लागला, चहा गार झाला. मला ४८ सापडले. बरोबर आहे का?

खडूफळा:
मावशी, तुम्ही फार मोठी गोष्ट आणलीत. पुस्तकातल्या प्रश्नात रेघा छापलेल्या असतात म्हणून तिथे तिरके धरत नाहीत, पण ठिपके असतील तर तिरकेही धरायला हवेत. तुमचे ४८ म्हणजे दोनच सुटले, बरोबर उत्तर ५०.

यातही पत्त्याचीच युक्ती आहे. कुठलाही तिरका चौरस घ्या, त्याचे चार कोपरे एका सरळ चौरसाच्या चार बाजूंवर टेकलेले असतात. तो बाहेरचा सरळ चौरस म्हणजे त्याचा पत्ता. आता एका पत्त्यावर किती राहतात ते बघा. एक घराच्या चौरसात तो स्वतःच. दोन घरांच्या चौरसात तो स्वतः आणि मधल्या ठिपक्यांवरून जाणारा एक तिरका, दोन. तीन घरांच्या चौरसात तो स्वतः आणि दोन तिरके, एक उजवीकडे कललेला एक डावीकडे, तीन. चार घरांच्यात चार. तुमच्या पाच ठिपक्यांच्या रांगोळीत एकचे १६ × १, दोनचे ९ × २ = १८, तीनचे ४ × ३ = १२, चारचा १ × ४ = ४. सगळे मिळून ५०.

तुमचे सुटलेले दोन बहुतेक तीन किंवा चार घरांच्या चौरसातले असतील, जे अगदी थोडे कललेले असतात, ठिपका एकच सोडून जातात. ते डोळ्याला चटकन चौरस वाटत नाहीत.

तुळशीवृंदावन:
सापडले! मोठ्या चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून एक ठिपका सोडून जोडायचं, तो एक आणि त्याचा उलटा एक. भिंगरीसारखे दिसतात. उद्या तेच दोन काढून त्यात रंग भरते.

अक्षरओळख:
मंडळी थोडं इतिहासाचं सांगतो कारण हे सगळं आपल्याकडे फार जुनं आहे. रेघोट्या यांनी दिलेलं वर्गांच्या बेरजेचं सूत्र आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात गणितपादामध्ये दिलंय, आणि एकाच श्लोकात दोन गोष्टी आहेत. एक "वर्गचितिघन", म्हणजे १ + ४ + ९ + १६... अशी वर्गांची बेरीज, तीच तीन संख्यांचा गुणाकार भागिले सहावाली. आणि दुसरी "घनचितिघन", म्हणजे १ + ८ + २७ + ६४... अशी घनांची बेरीज, ती म्हणजे १ + २ + ३ + ४... या साध्या बेरजेचा वर्ग. चिति म्हणजे रचलेला ढीग. शब्दातच ढीग आहे बघा, त्या काळी माणसं विटा रचून विचार करत असावीत असं मला फार वाटतं. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी पुढे आर्यभटीयाच्या भाष्यात हे ठोकळे रचूनच सिद्ध केलंय, एकसारखे सहा ढीग एकमेकांत बसवले की सरळ आयताकार ठोकळा होतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) श्रेढीव्यवहार या संख्यांच्या मालिकांवरच्या प्रकरणात दोन्ही सूत्रं आहेत. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. मी दोनदा जाऊन आलोय, पाटणादेवीला जाणाऱ्यांनी आवर्जून बघावा.

नीलकंठांचा ठोकळा घरी करता येतो. मुलांचे लाकडी ठोकळे घ्या, खाली ९, वर ४, वर १ असे कोपऱ्यात सरकवलेले १४ ठोकळ्यांचे सहा ढीग. ८४ ठोकळे लागतात, आणि तयार होणारी पेटी ३ × ४ × ७. तीन ढीग जोडले की वरचा थर जिन्यासारखा अर्धा राहतो, उरलेल्या तीन ढिगांचा अर्धा जिना त्यावर उलटा बसतो.

दूरदेशी:
इकडे रात्रीचे दोन वाजलेत आणि मी हा धागा वाचत बसलोय. मुलाच्या साखळी ठोकळ्यांनी आत्ताच केलं, ढीग फिरवून फिरवून बसवायला पाऊण तास लागला पण बसले. सातवर्षांचा मुलगा झोपलाय, सकाळी त्याला सहा ढीग सुटे करून देणार आहे, जोडलेला दाखवणार नाही.

कुणी त्रिकोणाचं पण सांगा ना. मोठ्या त्रिकोणात छोटे त्रिकोण, बाजूवर पाच.

रेघोट्या:
हे मी सांगतो. त्रिकोणाच्या जाळीत फसतात ते उलट्या त्रिकोणांमुळे, ज्यांचं टोक खाली असतं. आधी टोक वर असलेले मोजा: बाजूवर पाच असताना १५ + १० + ६ + ३ + १ = ३५. आता टोक खाली असलेले: सगळ्यात लहान १०, मग दोनच्या बाजूचे ३, तीनच्या बाजूचा उलटा आत मावतच नाही. १३. एकूण ४८. बाजूवर चार असेल तर २० + ७ = २७. सूत्र आहे पण या वेळी मुद्दाम देत नाही, सरळ आणि उलटे वेगवेगळे मोजले की चुकत नाही.

पाचवीची आई:
शेवटचं सांगायला आले. परवा ती आकड्यांचं रंगवलेलं पान घेऊन क्लासला गेली. सरांनी पान बघितलं, स्वतः फळ्यावर जाळी काढून घरात आकडे भरले, आणि बेरीज झाल्यावर सगळ्या मुलांना उत्तरसूचीत २६ खोडून ५५ लिहायला सांगितलं. मला बरं वाटलं, सरांनी मनापासून केलं ते.

आता तिचा नवा प्रश्न आहे आणि मला येत नाही. अक्षरओळख काकांचं वाचून दाखवलं तर तिने पाच बाय पाच बाय पाचच्या मोठ्या ठोकळ्यात लहानमोठे घन किती ते काढलं, १२५ + ६४ + २७ + ८ + १ = २२५. आणि म्हणाली आई हे तर पाच बाय पाचच्या जाळीतल्या आयतांएवढेच आले! तीनला पण बघितलं, घन ३६, आयत ३६. असं का? जाळी सपाट आणि ठोकळा उभा, दोघांचा आकडा एकच कसा?

खडूफळा:
बाळ, हे तुझ्यासाठी. चार बाय चारची जाळी काढ, त्यात आयत १०० आहेत. आता उजवीकडे एक उभी पट्टी आणि खाली एक आडवी पट्टी जोडून पाच बाय पाच कर. जुने १०० तसेच राहिले, फक्त नवे किती आले ते मोजायचं. नवा आयत म्हणजे जो नव्या उजव्या रेघेला किंवा नव्या खालच्या रेघेला टेकतो.

उजव्या रेघेला टेकणारे: त्यांची डावी रेघ जुन्या पाच उभ्या रेघांपैकी कुठलीही, ५ प्रकार. वर-खालच्या रेघांच्या जोड्या १५. म्हणून ७५. खालच्या रेघेला टेकणारेही तसेच ७५. पण जे दोन्हींना टेकतात, कोपऱ्यातले, ते दोनदा धरले गेले. ते किती? डावी रेघ ५ प्रकारे, वरची रेघ ५ प्रकारे, २५. मग ७५ + ७५ − २५ = १२५.

आणि १२५ म्हणजे ५ × ५ × ५. तुझ्या ठोकळ्यात सगळ्यात लहान घन तेवढेच आहेत. जाळी चारची पाच केली की १२५ वाढतात, तीनची चार केली की ६४, दोनची तीन केली की २७. एका घरापासून सुरू कर आणि वाढवत जा, १ + ८ + २७ + ६४ + १२५. चारची पट्टी जोडल्यावर ६४ येतात का ते तू स्वतः करून बघ आणि आईला इथे लिहायला सांग.

पाचवीची आई:
४ × १० = ४०, दोन वेळा ८०, कोपऱ्यातले १६ वजा, ६४. तिनेच टाइप केलंय सर.